लाखातले एक-दोन आयन

विश्रांतीत असलेल्या चेतापेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. आकडा किरकोळ वाटतो खरा, पण मधले पेशीपटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचे. हिशेब मांडला तर पटलातले विद्युतक्षेत्र मीटरला १ कोटी ४० लाख व्होल्ट भरते!

हे विभवांतर, म्हणजे दोन बाजूंमधला व्होल्टेजचा फरक, पटलातल्या सोडिअम-पोटॅशिअम पंपामुळे येते, असे बरेचदा सांगितले जाते. ते अर्धेच खरे. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्को यांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेला हा पंप एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्चून ३ सोडिअम आयन (प्रभारित अणू) बाहेर टाकतो आणि २ पोटॅशिअम आत घेतो. त्यातून थेट मिळणारे विभवांतर थोडेसेच. पंप खरे तर साठा करून ठेवतो: पोटॅशिअम आत बाहेरच्या तीसेक पट, सोडिअम बाहेर दहापटीहून जास्त.

वीज तयार होते ती गळतीतून. पटलातले काही पोटॅशिअम-मार्ग कायम उघडे असतात. दाटीतून विरळ भागाकडे पोटॅशिअम निघतो, तो आपला धन प्रभार घेऊनच. आतल्या ऋण प्रभाराच्या थोराड प्रथिनांना मात्र त्या वाटेने जाता येत नाही. आत ऋण प्रभार उरतो आणि तोच पोटॅशिअमला मागे खेचू लागतो. सुमारे उणे ९० मिलिव्होल्टला ही रस्सीखेच बरोबरीत सुटली असती. थोडा सोडिअम आत झिरपतो, म्हणून काटा उणे ७० च्या आसपास थांबतो.

यासाठी किती आयन बाहेर जावे लागतात? २० मायक्रोमीटर व्यासाची गोल पेशी धरून मी गणित केले. लाखातले एक-दोन! बाकीचा साठा जिथल्या तिथे. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. म्हणूनच पंप रसायनाने बंद पाडला तरी स्क्विड या समुद्री प्राण्याचा जाड चेतातंतू बराच वेळ संदेश वाहत राहतो.

बाहेरचे पोटॅशिअम मात्र मुळातच कमी, त्यामुळे तिथला छोटा फरकही मोठा ठरतो. रक्तात ते लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असते. ४ चे ८ झाले, की पोटॅशिअमचा उणे ९० जवळचा तो समतोल सुमारे १८ मिलिव्होल्टने ढळतो आणि हृदयाचा ठेका बिघडू शकतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या पोटॅशिअमवर डॉक्टर सतत नजर ठेवतात, ती यासाठी.