स्पारिंग म्हणजे छोटी लढत नव्हे

ऑगस्ट २०१७ मध्ये मिश्र मार्शल आर्ट्सचा लढवय्या कॉनर मॅकग्रेगर आणि बॉक्सिंगचा माजी विश्वविजेता पॉली मालिग्नाजी यांच्या स्पारिंगचे, म्हणजे रिंगमध्ये जोडीदारासमोर केलेल्या बॉक्सिंगच्या सरावाचे, काही सेकंदांचे व्हिडिओ तुकडे जगभर फिरले. त्यांत मालिग्नाजी खाली पडताना दिसत होता. ठोशाने पडला की ढकलल्यामुळे, यावर जोरदार वाद झाला आणि तेवढ्यावरून अनेकांनी मॅकग्रेगरच्या बॉक्सर फ्लॉइड मेवेदरविरुद्धच्या लढतीचं भाकीतही करून टाकलं. २६ ऑगस्टला लढत झाली. दहाव्या राउंडमध्ये रेफरीने ती थांबवली आणि मेवेदर जिंकला.

गोंधळ होणं साहजिक आहे. तेच रिंग, तीच दोन माणसं समोरासमोर, तीच तीन मिनिटं आणि मध्ये एक मिनिटाची विश्रांती. वरवर दिसणारा फरक सामानाचा. स्पारिंगला साधारणपणे १६ औंसांचे जाड ग्लोव्हज आणि डोक्याला हेडगार्ड. व्यावसायिक लढतीत १४७ पौंडांपर्यंतच्या वजनगटांत ८ औंस, त्यावरच्या गटांत १० औंस, आणि डोकं उघडं. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचं हेडगार्ड १९८४ पासून होतं, ते २०१६ च्या रिओ स्पर्धेत गेलं.

पण खरा फरक सामानात नाही, हेतूत आहे. लढतीत जज बसलेले असतात. राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुतेक वेळा ९, खाली पडला असेल तर सहसा ८. अशा वेळी बॉक्सर जे उत्तम जमतं तेच करतो आणि कच्चे दुवे झाकून ठेवतो. ते बरोबरच आहे, लढत त्यासाठीच असते.

स्पारिंगमध्ये नेमकं उलट व्हायला हवं. ज्याचा उजवा हात घातक आहे, त्याला कोच सांगतो, आज सगळे राउंड फक्त डाव्या हाताने खेळ. ज्याला दोरीपाशी अडकल्यावर सुचत नाही, त्याची पाठ मुद्दाम दोरीला लावून राउंड सुरू होतो. राउंड मध्येच थांबवून पाय कुठे चुकला ते दाखवलं जातं आणि तोच प्रसंग पुन्हा खेळवला जातो. असा बॉक्सर मार खाणार. बाहेरून बघणाऱ्याला तो हरतोय असंच वाटणार. माझ्या मते त्याचा दिवस सत्कारणी लागतोय, आणि रोज आपलाच आवडता ठोसा मारून समोरच्याला भंडावणारा मात्र वेळ वाया घालवतोय.

स्पारिंगचा जोडीदारही त्याच हिशेबाने निवडतात. प्रतिस्पर्धी डावखुरा असेल तर डावखुरा, उंच असेल तर उंच. समोर ज्या सवयी येणार आहेत, त्या आधीच अंगावर आणायच्या, हे त्याचं काम. हे काम कमी दर्जाचं मुळीच नाही. लॅरी होम्स १९७० च्या दशकात मुहम्मद अलीचा स्पारिंग जोडीदार होता. २ ऑक्टोबर १९८० ला विश्वविजेता म्हणून तो अलीसमोर उभा राहिला आणि दहाव्या राउंडनंतर अलीच्या कोपऱ्यातल्या त्याच्याच माणसांनी लढत थांबवली.

मग स्पारिंगवरून काहीच कळत नाही का? कळतं. जानेवारी १९९० मध्ये टोकियोत ग्रेग पेजने सरावात माइक टायसनला खाली पाडलं आणि ११ फेब्रुवारीला बस्टर डग्लसने टायसनला दहाव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं. पण ‘पेजने पाडलं, म्हणून डग्लस जिंकला’ असं म्हणणं घाईचं होईल. तयारी ढिली होती, हे पुढे टायसनने स्वतःच मान्य केलं. स्पारिंग दाखवतं ते हेच: दम कुठे संपतो, थकल्यावर हात खाली येतात का, मार बसल्यावर डोकं शांत राहतं का. अनुभवी कोच कोण पडलं यापेक्षा हे बघतो.

एका बाबतीत मात्र स्पारिंग आणि लढत दोन्ही अगदी सारखी आहेत आणि नेमकं तिथेच लोक त्यांना वेगळं समजतात. डोक्याला बसलेला ठोसा सरावातला आहे की सामन्यातला, हे मेंदूला कळत नाही. हेडगार्डमुळे कातडी फाटण्याचा, सूज येण्याचा धोका कमी होतो. जाड ग्लोव्हजमुळे मारणाऱ्याचा हात वाचतो. पण डोकं झटक्याने वळलं की आतला मेंदूही हलतो, ते या गादीने थांबत नाही. शिवाय हिशेब करून बघा. वर्षाला १२ राउंडच्या दोन लढती म्हणजे २४ राउंड. आठ आठवड्यांच्या तयारीत आठवड्यातून तीन दिवस, दर दिवशी सहा राउंड स्पारिंग केलं, तर एकाच तयारीत १४४ राउंड होतात. सगळे पूर्ण ताकदीने खेळले, तर कारकिर्दीतला बहुतेक मार कुणी न पाहता, गुण न मिळता, मानधन न मिळता खाल्लेला असेल.

म्हणून ‘जिममधली युद्धं’ अभिमानाने सांगणाऱ्यांचं मला कधीच पटलं नाही. बहुतेक स्पारिंग हलक्या हाताने, ताकद आधी ठरवून व्हावं. लढतीच्या वेगाचं, पूर्ण जोराचं स्पारिंगही लागतं, कारण खरा दबाव बॅगवर किंवा पॅडवर येत नाही, पण ते मोजकंच आणि लढतीच्या बरंच आधी संपलेलं असावं. नवशिक्याला तर पहिले काही महिने फक्त जॅबचं (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाचं), एकाने मारायचं आणि दुसऱ्याने अडवायचं, असं स्पारिंग पुरे. लढतीत खाली पडलेल्याला रेफरी आठपर्यंत मोजून पुन्हा उभं करू शकतो. स्पारिंगमध्ये कुणी डळमळलं तर मोजायचंच नाही, तिथेच थांबायचं. नंतर डोकं दुखलं, उलटी झाली, प्रकाश सहन होईना, तर डॉक्टरकडे जायचं, आणि त्यांनी सांगेपर्यंत हलकं स्पारिंगसुद्धा बंद.