विंबल्डन एफसीचे स्थलांतर

दक्षिण लंडनमधील विंबल्डन एफसी या व्यावसायिक फुटबॉल क्लबचे सुमारे ९० किमी. दूर असलेल्या मिल्टन कीन्झ या शहरात झालेले स्थलांतर. त्याचे वर्ष निरनिराळे दिले जाते. परवानगी मे २००२ मध्ये मिळाली, तेथे सामने सप्टेंबर २००३ पासून होऊ लागले आणि क्लबचे नाव २००४ मध्ये मिल्टन कीन्झ डॉन्स असे बदलले. पहिले वर्ष निर्णयाचे आहे, प्रत्यक्ष स्थलांतराचे नव्हे. त्यामुळे २००३ धरणे अधिक योग्य वाटते.

१९८९ मध्ये हिल्सबरो मैदानात झालेल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर आलेल्या टेलर अहवालाने वरच्या श्रेणीतील क्लबांना सर्व प्रेक्षकांसाठी आसनांची सोय सक्तीची केली. प्लाउ लेन हे विंबल्डनचे जुने मैदान त्यात बसत नव्हते. १९९१ पासून क्लब क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून खेळू लागला आणि पुढे प्लाउ लेनची जागाही विकली गेली. १९८८ मध्ये लिव्हरपूलला १–० असे हरवून एफए कप ही इंग्लंडमधील बाद पद्धतीची स्पर्धा जिंकणारा हा क्लब अशा रीतीने बेघर झाला. २००० मध्ये तो प्रीमियर लीग या सर्वोच्च श्रेणीतून खाली घसरला, तेव्हा तोट्याचे गणित अधिकच बिघडले. दुसरीकडे १९६७ मध्ये नवे शहर म्हणून आखलेल्या मिल्टन कीन्झमध्ये मोठ्या दुकानांच्या जोडीने स्टेडियम उभारण्याची योजना होती. तिच्यासाठी लीगमधला क्लब हवा होता. तेथील छोटा क्लब पायरी-पायरीने वर आणण्यापेक्षा तयार क्लब आणणे प्रवर्तकांना सोयीचे होते.

प्रीमियर लीगखालच्या व्यावसायिक श्रेणी चालवणाऱ्या फुटबॉल लीगने स्थलांतराला प्रथम नकार दिला. प्रकरण लवादाकडून फेरविचारासाठी परत आले आणि शेवटी फुटबॉल असोसिएशन (एफए) या इंग्लिश फुटबॉलच्या नियामक संस्थेने नेमलेल्या त्रिसदस्य आयोगाने २८ मे २००२ रोजी दोन विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. चाहत्यांनी काही दिवसांतच एएफसी विंबल्डन हा क्लब काढला. खेळाडूंच्या निवडचाचण्या विंबल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर झाल्या. बऱ्याच खालच्या लीगमधल्या या क्लबाच्या सामन्यांना पहिल्याच हंगामात सेलहर्स्ट पार्कवरील मूळ संघापेक्षा सरासरीने अधिक गर्दी होती. मूळ क्लब २००३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला.

वादाचा गाभा वारशाचा आहे. १८८९ मध्ये विंबल्डन ओल्ड सेंट्रल्स या नावाने स्थापन झालेला क्लब नेमका कोणाचा? कायद्याच्या अंगाने पाहिले, तर लीगचे सदस्यत्व हाच एकमेव अखंड धागा. तो मिल्टन कीन्झकडे गेला. मात्र २००४ मध्ये हे सदस्यत्व प्रशासनातील कंपनीकडून नव्या कंपनीकडे आले, म्हणजे धाग्याला तेथेही गाठ आहेच. चाहत्यांच्या मते क्लब म्हणजे गाव, मैदान आणि पिढ्यान्‌पिढ्या येणारी माणसे. कंपनी हे केवळ त्याचे दप्तर. भावनेचा भाग वगळला तरी हे मत अधिक टिकाऊ ठरले, असे दिसते. चाहता-संघटनांच्या वाटाघाटींतून २००६ मध्ये झालेल्या समझोत्यानुसार मिल्टन कीन्झ डॉन्सने जुन्या इतिहासावरील दावा सोडला. पुढच्या वर्षी एफए कपच्या प्रतिकृतीसह जुनी स्मृतिचिन्हे विंबल्डन ज्यात मोडते त्या लंडनमधील मर्टन बरो या स्थानिक प्रशासनाकडे सोपवण्यात आली. मिल्टन कीन्झ डॉन्स आता आपले स्थापनावर्ष २००४ मानतो. ‘डॉन्स’ हे विंबल्डनचे जुने टोपणनाव मात्र त्याने ठेवले, आणि कुरबूर त्यावरून चालूच राहिली.

एएफसी विंबल्डन २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. दोन्ही क्लब प्रथम डिसेंबर २०१२ मध्ये एफए कपमध्ये समोरासमोर आले. मिल्टन कीन्झने २–१ असा विजय मिळवला. नोव्हेंबर २०२० मध्ये एएफसी विंबल्डन प्लाउ लेनवरच, जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर बांधलेल्या नव्या मैदानात परतला.

याची पूर्वपीठिका म्हणून आर्सेनलच्या १९१३ मधील हायबरीला जाण्याचा दाखला देतात. पण ते लंडनमधल्या लंडनमध्ये झाले. १९९५ मध्ये एडिंबराचा मेडोबँक थिसल हा क्लब लिव्हिंग्स्टन या गावी जाऊन त्याच नावाने खेळू लागला, हे स्कॉटलंडमधील उदाहरण जास्त जवळचे. भारतात इंडियन सुपर लीगमध्ये २०१९ साली एफसी पुणे सिटीची जागा हैदराबाद एफसीने घेतली आणि त्याच वर्षी दिल्ली डायनॅमोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला.