गच्चीवर सोलर बसवायचंय? आधी वीजबिलावरचं नाव बघा

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना 2026-27 पर्यंत चालणार आहे. ठाणे-नवी मुंबईत अर्ज अडतो तो बहुतेक वेळा पैशांवरून नाही, बिलावरच्या नावावरून आणि गच्चीच्या हक्कावरून.

स्वतःचं घर, पॅनल बसतील असं छप्पर आणि चालू वीजजोडणी असेल, आणि सोलर पॅनलसाठी याआधी अनुदान घेतलं नसेल, तर अर्ज करता येतो. 1 किलोवॉटला 30 हजार रुपये, 2 किलोवॉटला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॉटला 78 हजार असं अनुदान आहे. त्यापुढे कितीही पॅनल लावा, रक्कम वाढत नाही. पॅनल आणि त्यातले सेल दोन्ही भारतीय बनावटीचे हवेत. कोटेशनमध्ये हे लिहून घ्या. स्वस्तात देणारे नेमकं इथेच गोलमाल करतात.

सोसायटीचं गणित वेगळं आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे आणि ईव्ही चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18 हजार रुपये मिळतात. मर्यादा 500 किलोवॉट, तीही घरामागे 3 किलोवॉट धरून. म्हणजे 20 किलोवॉटला 3 लाख 60 हजार. सामाईक मीटर सोसायटीच्या नावावर हवा. जुन्या इमारतींत तो अजून बिल्डरच्या नावावर असतो, म्हणून आधी नावबदलाचा अर्ज टाका. सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या आणि कागदपत्रांवर सही कोण करणार हेही त्यात लिहा. फ्लॅटधारकाला स्वतःच्या मीटरसाठी सामाईक गच्ची वापरायची असेल तर सोसायटीचं ना हरकत पत्र लागतं. ते तोंडी 'हो' वर सोडू नका, समिती बदलली की ते हवेत विरतं.

कागदपत्रं फार नाहीत. ताजं वीजबिल, ओळखपत्र, छपराच्या हक्काचा पुरावा आणि रद्द केलेला चेक. बिल, ओळखपत्र आणि बँक खातं, तिन्हीकडे नाव एकच हवं. वडील गेले तरी बिल त्यांच्याच नावावर, हे घरोघरी दिसतं. ते आधी निस्तरा.

मग योजनेच्या पोर्टलवर राज्य, वीज कंपनी आणि ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करायची. कळवा-मुंब्रा-शीळ भागात बिल टोरंट या खासगी वीज कंपनीकडून येतं, तिथल्यांनी अर्जाआधी ग्राहक केंद्रात विचारून घ्यावं. मंजुरीनंतर यादीतलाच नोंदणीकृत ठेकेदार निवडा. पॅनल बसले की नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) लागतो, तपासणी होते आणि त्यानंतर बँकेचा तपशील भरला की अनुदान थेट खात्यात जमा होतं. ठेकेदाराचे पैसे मात्र आधी आपणच द्यायचे. 'फुकट बसवून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. 3 किलोवॉटपर्यंत विनातारण कर्ज मिळतं.

1 किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट मोकळी जागा लागते आणि दिवसाला सरासरी 4 युनिट वीज मिळते. पावसाळ्यात कमीच. घोडबंदर रोडला शेजारच्या टॉवरची सावली दुपारनंतर सरकत येते, वर आपल्याच पाण्याच्या टाकीची असतेच. एका पॅनलवर सावली पडली तरी त्याच्या रांगेतल्या इतरांचं उत्पादन घसरू शकतं. म्हणून ठेकेदाराला सकाळी 10 ला एकदा आणि दुपारी 3 नंतर पुन्हा गच्चीवर न्या. उरलेली युनिटं पुढच्या बिलात वळती होतात, पण हिशेब 31 मार्चला मिटतो, शिल्लक युनिटं पुढच्या वर्षात जात नाहीत. तेव्हा गरजेपेक्षा मोठा संच बसवू नका. आधी वर्षभराची बिलं काढून बेरीज करा.