ट्रॅकर अनेक, नकाशा एक

निफाड-दिंडोरीची द्राक्षं घेऊन कंटेनर न्हावाशेवाकडे निघाला, की त्याचा ठावठिकाणा तीन ठिकाणी नोंदला जातो: गाडीतलं जीपीएस, चालकाचा मोबाइल आणि टोलनाक्यावरचा फास्टॅग. तिन्हींचे सर्व्हर वेगळे. निर्यातदाराला मात्र सगळं एकाच नकाशावर हवं असतं आणि माल नाशवंत असल्याने ते लगेच हवं असतं.

या गुंत्याचं मूळ समुद्रात आहे. जहाजावरची उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून १९८३ साली अमेरिकेत एनएमईए ०१८३ हे मानक आलं. पुढे जीपीएस रिसीव्हरांनी तेच उचललं. त्यात अक्षांश-रेखांश अंश आणि मिनिटं जोडून लिहितात. नाशिकचा अक्षांश १९५९.८५ असा येतो, म्हणजे १९ अंश ५९.८५ मिनिटं. वेगवेगळ्या ट्रॅकरचा डेटा जोडणाऱ्याने तो सरळ १९.५९८५ अंश असा वाचला आणि रेखांशाचंही तसंच केलं, तर नाशिकमध्ये उभी गाडी कसाऱ्याच्या दक्षिणेला दिसते. मुंबईकडे निघालेल्या गाडीबाबत हे खरंही वाटतं, म्हणून ही चूक मला सगळ्यात घातक वाटते.

मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली त्रुटी काढली आणि गाडी कोणत्या रस्त्यावर आहे हे नेमकं कळू लागलं. उपकरणं स्वस्त झाली, पण प्रत्येक उत्पादकाने संदेशाची स्वतःची रचना केली. गाड्यांचा माग ठेवणाऱ्या ट्रॅकारसारख्या मुक्तस्रोत सर्व्हरला आज दोनशेहून अधिक प्रोटोकॉल, म्हणजे अशा संदेशरचना, सांभाळाव्या लागतात, ते त्यामुळेच.

भारतात वाहनांतल्या ट्रॅकिंग उपकरणांसाठीच्या एआयएस-१४० मानकाने यात शिस्त आणली. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना असं उपकरण आणि आपत्कालीन बटण सक्तीचं झालं.

या मानकातली एक छोटी तरतूद मला फार मोलाची वाटते. घाटात रेंज गेली, की उपकरण नोंदी साठवतं आणि रेंज येताच पाठवतं. जुन्या नोंदी नव्यांच्या मागून पोचल्या, तर नकाशावरची गाडी उलटी घाटात शिरते. म्हणून प्रत्येक संदेशात ताज्या नोंदीला एल आणि साठवलेलीला एच अशी खूण असते. मोबाइल ॲपचा किंवा दुसऱ्या कंपनीचा डेटा जोडताना ही खूण बहुधा मिळत नाही. तिथे उपकरणाची वेळ आणि सर्व्हरवर पोचल्याची वेळ वेगवेगळी जपावी लागते. त्यातही उपकरणाची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे.