विकत घेतलेलं पुस्तक आणि वाचायला मिळालेलं पुस्तक

सुगी आटोपली की बेळगावच्या आसपास गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, तिकडे निपाणीच्या बाजूला कारदगा. सकाळी ग्रंथदिंडी, मग मांडवात भाषणं आणि मांडवाबाहेर पुस्तकांचे स्टॉल. अशाच एका स्टॉलवर माझ्या पुतण्यानं ३०० रुपयांची कादंबरी हातात घेतली, मागची किंमत वाचली आणि खिशातून फोन काढला.

"काका, हेच पुस्तक इथं २४० ला आहे की. कागद नाही, बाइंडिंग नाही, पुण्याहून आणायचं भाडं नाही. मग ६०च रुपये कमी? ही लूट नव्हे तर काय?"

झालं. एकजण म्हणाला, लेखकानं काय खायचं मग? दुसरा म्हणाला, पीडीएफ फिरतंय की ग्रुपवर, पैसे कशाला घालवतोस? तिसऱ्याला पुस्तकाच्या वासाची आठवण झाली. चहा येईपर्यंत वाद चालला आणि तो सगळा किमतीवर चालला. स्टॉलवर ३०० रुपयांना मिळतं ते आणि फोनवर २४० ला मिळतं ते, या दोन्ही व्यवहारांना 'विकत घेणं' म्हणायचं का, हे कुणीच विचारलं नाही. मीही तेव्हा विचारलं नाही. घरी आल्यावर सुचलं, म्हणून लिहितोय.

आमच्या भागात हा फरक खरं तर कुणाला शिकवावा लागू नये. आमचं घर खानापूर तालुक्यातलं. आजोबा दुसऱ्याच्या शेतात भात पिकवायचे आणि सुगीला मालकाच्या घरी खंडाची, म्हणजे जमिनीच्या भाड्याची, पोती पोचवायचे. बांध त्यांनी घातलेले, दगड त्यांनी वेचलेले, पण उताऱ्यावर नाव मालकाचं. १ मार्च १९७४ पासून कर्नाटकात कसणाऱ्या कुळाला मालकी देणारी जमीन सुधारणा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली, कुळांनी सात नंबरचे फॉर्म भरले आणि आजोबांचं नाव उताऱ्यावर चढलं. शेत तेच राहिलं, भातही तेच राहिलं. बदललं ते इतकंच, की 'उद्यापासून इथं पाय ठेवू नको' असं सांगायचा अधिकार आता कुणाकडे उरला नाही.

स्टॉलवरचं पुस्तक म्हणजे खरेदीखत. फोनवरचं पुस्तक बहुतेक वेळा खंडाचं शेत. पेरा, कापा, खा, पण उतारा दुसऱ्याच्या नावावर.

आधी छापील पुस्तकाचं बघू. पैसे दिले की ती प्रत तुमची. कथा तुमची नव्हे, प्रत तुमची. तिच्या झेरॉक्स काढून विकता येत नाहीत, पण ती प्रत मित्राला द्या, गावच्या वाचनालयाला द्या, रद्दीत घाला, निम्म्या किमतीत विका, लेखक-प्रकाशक हरकत घेऊ शकत नाहीत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हे सरळ लिहिलंय: पुस्तकाच्या प्रती लोकांपुढे आणायचा हक्क लेखकाचा, पण एकदा विकलेली प्रत 'आधीच वितरणात असलेली' धरायची आणि तिच्यावर तो हक्क चालत नाही. जुन्या पुस्तकांचा सगळा व्यापार याच आधारावर उभा आहे.

हा नियम आपोआप मिळालेला नाही. अमेरिकेत १९०४ साली बॉब्स-मेरिल नावाच्या प्रकाशकानं एका कादंबरीच्या आत चिठ्ठीसारखी सूचना छापली: किंमत एक डॉलर, यापेक्षा कमी किमतीत विकायचा परवाना कुणाही दुकानदाराला नाही, विकल्यास कॉपीराइटचा भंग समजू. मेसीज या दुकानानं तेच पुस्तक ८९ सेंटला विकलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९०८ साली निकाल लागला तो प्रकाशकाविरुद्ध: एकदा पुस्तक विकलंत, आता पुढच्या विक्रीची किंमत ठरवायचा हक्क कॉपीराइटमधून मिळत नाही. त्या सूचनेत 'परवाना' हा शब्द होता, हे लक्षात ठेवा. विक्रीला परवान्याचं रूप द्यायचा प्रयत्न शंभर वर्षांपूर्वीच झाला होता आणि तेव्हा तो फसला.

ई-पुस्तकात तो यशस्वी झाला. किंडल या अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तक सेवेच्या अटींत स्पष्ट म्हटलंय, की मजकूर तुम्हाला विकला जात नाही, त्याचा परवाना दिला जातो. ही अट असते खाली, बारीक अक्षरांत. वर मोठ्या बटणावर मात्र विकत घेण्याचीच भाषा. पुस्तक तुमच्या खात्याला जोडलेलं, खातं कंपनीच्या सर्व्हरला जोडलेलं आणि फाइलला डिजिटल कुलूप. कुलपाची किल्ली तुम्हाला वापरायला मिळते, तुमच्या हातात येत नाही.

आपल्या कर खात्यानं तर हा फरक केव्हाच ओळखलाय. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीवर २०१८ पासून ५ टक्के, आणि छापील आवृत्तीच नसेल तर १८ टक्के. कारण त्यांच्या लेखी छापील पुस्तक ही वस्तू आहे आणि ई-पुस्तक ही सेवा. वस्तू घरी राहते. सेवा देणाऱ्यानं थांबवली की थांबते.

आणि ती थांबल्याची उदाहरणं आहेत. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या वाचकांच्या किंडलवरून काढून घेतल्या. ज्यानं त्या विकायला ठेवल्या होत्या त्याच्याकडे हक्कच नव्हते, हे खरं. पैसेही परत दिले, कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. पण पैसे देऊन घेतलेलं पुस्तक रात्रीत घरातून जाऊ शकतं, हे त्या दिवशी दिसलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. लोकांनी घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. तिथंही पैसे परत मिळाले, पण वाचताना समासात लिहिलेल्या टिपा गेल्या. त्याबद्दल २५ डॉलर देऊ केले. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीनं आपल्या प्लेस्टेशन या खेळाच्या यंत्रावर लोकांनी विकत घेतलेले डिस्कव्हरी वाहिनीचे कार्यक्रम महिनाअखेर काढून टाकणार असं कळवलं. ओरड झाली, नवा करार झाला आणि निर्णय मागं घेतला गेला. कार्यक्रम ज्यांनी पैसे देऊन घेतले होते, ते त्या करारात कुठंच नव्हते.

परवाना ही पद्धतच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. छापील प्रत मी पुतण्याला दिली की माझ्या कपाटात जागा रिकामी होते. फाइल दिली तर माझ्याकडेही राहते आणि त्याच्याकडेही जाते. देणं आणि नक्कल करणं यातला फरकच मिटतो. डिसेंबर २०१९ मध्ये युरोपच्या न्यायालयापुढे जुनी ई-पुस्तकं विकणाऱ्या एका डच कंपनीचा खटला आला. न्यायालयानं परवानगी नाकारली. कारण असं: कागदाचं पुस्तक हाताळून जुनं होतं, फाइल कधीच जुनी होत नाही, म्हणजे जुनी फाइल नव्या फाइलचं गिऱ्हाईक सरळ पळवते. हे कारण मला पटतं. म्हणूनच स्टॉलवरच्या त्या दुसऱ्या गृहस्थांना माझं सांगणं आहे: ग्रुपवर पीडीएफ टाकणं म्हणजे पुस्तक वाचायला देणं नव्हे. मराठीत हजार-पाचशे प्रतींच्या आवृत्त्या निघतात. एका ग्रुपवर एक फाइल गेली तर आवृत्तीचा केवढा हिस्सा गेला, हिशेब करा. "मी पैसे मोजलेत" हे उत्तर तिथं चालत नाही.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो प्रश्न खोटा नाही. कागद नाही तर किंमत कमी का नाही?

पुस्तकाच्या किमतीत कागद आणि छपाई आपल्याला वाटते तेवढी नसते. ३०० रुपयांतला मोठा भाग वितरक आणि दुकानदाराच्या सवलतीत जातो. मग लेखकाचं मानधन, अनुवाद असेल तर अनुवादकाचं, संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ. यातलं फोनवरच्या पुस्तकाला काहीच चुकत नाही, आणि दुकानदाराच्या जागी ॲप येऊन आपला वाटा घेतं. खर्च असतो तो पहिली प्रत तयार होईपर्यंतच. पुढची प्रत जवळजवळ फुकट पडते. अशा मालाची किंमत खर्चावरून ठरत नाही, गिऱ्हाईक किती द्यायला तयार आहे यावरून ठरते. आणि गिऱ्हाईक बघतं शेजारच्या छापील पुस्तकाच्या किमतीकडे. ३०० च्या शेजारी २४० स्वस्त दिसतं, एवढ्याचसाठी ते २४० असतं.

माणसाचा स्वभाव इथंच फसतो. आपण पुस्तक हातात तोलून किंमत ठरवतो. जाडजूड ग्रंथाला ५०० देताना काही वाटत नाही, फोनवरच्या फाइलला ५० देताना हात आखडतो. म्हणजे वजन नाही हे आपल्याला लगेच कळतं. मालकी नाही हे मात्र कळत नाही, कारण बटणावरचा शब्द ओळखीचा असतो. पुतण्याला ६० रुपयांची सवलत कमी वाटली ती कागद नाही म्हणून. ती कमी वाटायला हवी होती वेगळ्या कारणानं: खंडाच्या शेताला कुणी खरेदीची किंमत देतं का?

उघडउघड भाड्याचं असेल तर माझी काही तक्रार नाही. पूर्वी गणपतीत व्हीसीआर आणि कॅसेटी एका रात्रीसाठी भाड्यानं आणायचो. सकाळी परत द्यायच्या, हे सगळ्यांना ठाऊक. वाचनालयाची वर्गणीही तशीच. महिन्याची वर्गणी घेऊन सिनेमे दाखवणारी ॲपही तशीच: वर्गणी संपली, दार बंद. तिथं शब्द आणि व्यवहार जुळतात. गफलत फक्त त्या एका बटणाची आहे, जे बोलतं खरेदीची भाषा आणि देतं वापरायची मुभा.

कॅलिफोर्नियानं या बटणावर कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथं डिजिटल माल विकताना हा परवाना आहे असं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' म्हणता येत नाही. फाइल कायमची उतरवून घेता येत असेल, तर सूट आहे. खेळ विकणाऱ्या स्टीमनं २०२४ च्या ऑक्टोबरपासूनच तशी सूचना दाखवायला सुरुवात केली. भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये गिऱ्हाईकाला चकवणाऱ्या ऑनलाइन फसव्या रचनांचे ('डार्क पॅटर्न'चे) १३ प्रकार ठरवून त्यांना मनाई झाली, पण त्यांत 'विकत घ्या' या बटणाचा स्वतंत्र उल्लेख नाही. तो यावा, असं मला मनापासून वाटतं.

तोवर पारख आपली आपणच करायची. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन, नेट बंद करून, दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर उघडते का? उघडत असेल तर ती खरेदीच्या जवळ आहे. काही प्रकाशक अशी बिनकुलपाची ई-पुस्तकं देतात आणि ती घ्यावीत. उघडत नसेल तर तो खंड समजावा आणि तेवढेच पैसे मोजावेत. किंडलवर संगणकात फाइल उतरवून घ्यायची सोय होती, तीही २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली. एकदा वाचून सोडायचं पुस्तक असेल तर खंडही वाईट नाही. आईला आता बारीक टाइप दिसत नाही. फोनवर अक्षर मोठं करून ती रोज वाचते. जवळ पुस्तकाचं दुकान नसलेल्या आमच्या गावात मध्यरात्री नवं मराठी पुस्तक येतं, ही सोय मी कमी लेखणार नाही.

माझे वडील, आप्पाही शेवटची काही वर्षं तसंच फोनवर वाचायचे. ते गेल्यावर आम्ही कामं वाटून घेतली. शेताच्या उताऱ्यावर वारसांची नावं चढवली. कपाटातली पुस्तकं भावंडांत वाटली, काही वाचनालयाला दिली. पेन्सिलीच्या खुणा असलेली तेवढी मी ठेवली. मग आईनं त्यांचा फोन पुढं केला. त्यात चाळीसेक पुस्तकं होती, सगळी पैसे देऊन घेतलेली.

"ही कुणाच्या नावावर करायची?" तिनं विचारलं.

मी अटी उघडून वाचल्या. खातं दुसऱ्याच्या नावावर होत नाही, असं तिथं लिहिलं होतं. पासवर्ड आप्पांनी कुणालाच सांगितला नव्हता. फोन अजून चार्ज करून ठेवतो.