गाडीचा कॉम्प्युटर गेला म्हणण्यापूर्वी

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर गेला की जुन्या गाड्यांची एक ठरलेली तक्रार गॅरेजात येते. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू होते, दुपारी चाळीसगावहून कन्नड घाट चढताना बंद पडते आणि अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा चालू होते. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर कधी एकही कोड सापडत नाही, कधी स्कॅनर गाडीशी जोडलाच जात नाही. मग निदान होतं, ‘ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर गेला, बदलावा लागेल.’ पंधरा वर्षं जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने नवा ईसीएम फार महाग पडतो, म्हणून हे निदान पुराव्याशिवाय मान्य करू नये. तापल्यावर बंद पडणं हे इंजिनाचं फिरणं टिपणारा क्रँक सेन्सर बिघडल्याचंही लक्षण आहे. त्यातल्या कॉइलची बारीक तार तापून सुटली की सिग्नल तुटतो, थंड झाली की जुळतो. बंद पडल्या पडल्या, इंजिन गरम असतानाच सेल्फ मारा आणि स्कॅनरवर आरपीएम बघा. आकडा शून्यावरच असेल तर आधी हा सेन्सर आणि त्याची वायरिंग तपासा.

ईसीएम म्हणजे इंजिनाचं नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक डबा. आत एक मायक्रोकंट्रोलर असतो. तो सेन्सरकडून येणारी माहिती वाचून इंधन फवारणाऱ्या कोणत्या इंजेक्टरला कधी आणि किती वेळ उघडायचं ते ठरवतो. त्याचा हुकूम अमलात आणतात ड्रायव्हर ट्रान्झिस्टर. त्यांच्यातून काही अँपिअर करंट जातो आणि जळायचं असेल तर बहुधा तेच जळतात. तिसरा भाग वीजपुरवठ्याचा. बॅटरीचे १२ ते १४ व्होल्ट उतरवून तो आतल्या चिपांना आणि बाहेरच्या सेन्सरना स्थिर ५ व्होल्ट देतो. मायक्रोकंट्रोलर स्वतःहून खराब होणं सगळ्यात विरळ.

उन्हाचा परिणाम दोन वाटांनी होतो. जुन्या डब्यांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात आणि त्यांच्या आत द्रव असतो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर ८५ अंशांना ८००० तास आणि ६५ अंशांना ३२००० तास टिकतो. बॉनेटखाली, इंजिनाशेजारी बसवलेला डबा आणि केबिनमध्ये डॅशबोर्डखाली बसवलेला डबा यांच्या आयुष्यात फरक पडतो तो या हिशोबाने. घाट चढून गाडी लगेच बंद केली तर पंखा आणि वारा दोन्ही थांबतात, आणि बॉनेटखालचं तापमान काही वेळ उलट चढतं. दुसरी वाट डागाच्या (सोल्डरच्या) जोडांची. सर्किटची पाटी आणि तिच्यावरचे सिरॅमिक भाग तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत. हजारो वेळा तापून-निवून जोडाला केसाएवढी चीर पडते. खानदेशात हिवाळ्यातली पहाट दहा अंशांच्या आसपास आणि उन्हाळ्यातली दुपार पंचेचाळीसच्या पुढे, त्यामुळे ही ताणाताणी वर्षभर चालते.

माणसाच्या हातून होणारं नुकसानही कमी नसतं. रावेर-यावल पट्ट्यात केळी वाहणाऱ्या पिकअपच्या हौद्याला जाळी, अँगल, जोडपट्ट्या वेल्ड करून घेतल्या जातात. वेल्डिंगचा शंभर-दोनशे अँपिअर करंट चेसिसमधून मिळेल त्या वाटेने परततो, आणि त्यातली एक वाट ईसीएमच्या अर्थमधून जाते. वेल्डिंगआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, ईसीएमचे कपलर (वायरिंगचे प्लग) सोडवा आणि मशीनचा अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ‘डायनमो चार्जिंग देतो का’ हे पाहण्याची सवयही सोडायलाच हवी. बॅटरीचा आधार सुटला की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतो.

आता तपासणी. सुरुवात बॅटरीपासून. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना साधारण ९.६ च्या खाली नाही, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. सेल्फ मारताना व्होल्टेज ८ वर आला तर धडधाकट ईसीएमही रीसेट होऊ शकतो आणि आतल्या बिघाडाचे खोटे कोड टाकू शकतो. पी ०६०१ ते पी ०६०६ हे कोड ईसीएमच्या मेमरी-प्रोसेसरबद्दल असतात. पण बॅटरी चार्ज करून, कोड पुसून ते पुन्हा येतात का हे बघितल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नका.

यानंतरची पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, आणि माझ्या मते अर्धे ‘गेलेले’ ईसीएम इथेच वाचतील. गाडीच्या वायरिंग डायग्राममधून ईसीएमच्या कपलरवरच्या सप्लायच्या आणि अर्थच्या पिना शोधा. मल्टीमीटरचा बीप इथे फसवतो. तारेच्या वीस पेडांपैकी एक शिल्लक असला तरी तो वाजतो. म्हणून तारेला काम द्यायचं. इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो. सप्लाय आणि अर्थ यांच्यामध्ये तो लावला तर लख्ख पेटला पाहिजे. पेटलेला असतानाच अर्थची पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामधला व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टच्या आत हवा. जास्त भरला तर बॉडीवरचा अर्थ बोल्ट खोलून गंज घासून पुन्हा कसा. हा एवढासा आकडा महत्त्वाचा का? अर्थमध्ये फक्त ०.१ ओहमचा अडथळा असेल आणि इंजेक्टर-कॉइल मिळून १० अँपिअर ओढत असतील तर १ व्होल्ट तिथेच अडकतो. ५ व्होल्टच्या मापात बोलणाऱ्या सेन्सरच्या हिशोबात १ व्होल्ट म्हणजे पाचवा हिस्सा. मग इंजिन झटके खातं आणि दोष डब्यावर येतो. ईसीएमचा सप्लाय जोडणाऱ्या मेन रिलेचे जळके पॉइंटही अगदी असंच नाटक करतात, म्हणून त्याच नंबरचा चांगला रिले लावून बघा.

पुढे सेन्सरचा ५ व्होल्टचा सप्लाय. चावी ऑन करून एखाद्या तीन तारांच्या सेन्सरच्या कपलरवर तो मोजा. शून्याजवळ असेल तर सेन्सरचे कपलर एकेक करून काढत जा. ज्याचं कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो सेन्सर किंवा त्याची तार शॉर्ट आहे. सगळी काढूनही आले नाहीत आणि सप्लाय-अर्थ पक्के असतील, तर वायरिंगमध्ये शॉर्ट नाही याची खात्री करूनच संशय डब्यावर न्या. उंदरांनी कुरतडलेली वायरिंग आणि पावसाळ्यात प्रेशर पंपाने धुतलेलं इंजिन या दोन गोष्टी इथे हटकून आठवाव्यात.

स्कॅनर जोडला जात नसेल तर त्याच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये १६ नंबरला बॅटरीचा सप्लाय आणि ४ व ५ ला अर्थ आहे का ते बघा. अनेक गाड्यांत मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटचा आणि याचा फ्यूज एकच असतो. कॅन जोडणी (गाडीतले इलेक्ट्रॉनिक डबे दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात ती) असलेल्या गाडीत बॅटरी काढून ६ आणि १४ मधला रेझिस्टन्स मोजला तर सुमारे ६० ओहम यायला हवा. १२० आला तर तारांच्या दोन टोकांना असलेल्या १२० ओहमच्या रेझिस्टरपैकी एकाची जोडणी तुटलेली, शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या.

इतकं करूनही दोष डब्यातच निघाला, तरी लगेच दुसरा बसवू नका. आधीचा का जळला ते शोधा. इंजेक्टर किंवा इग्निशन कॉइल आतून शॉर्ट असेल तर नवा ईसीएमही पहिल्याच सेल्फला जळू शकतो. पेट्रोल गाडीच्या इंजेक्टरचा रेझिस्टन्स साधारण १२ ते १६ ओहम असतो. कॉमन रेल डिझेलच्या सोलेनॉइड इंजेक्टरचा अर्ध्या ओहमच्याही आत, म्हणून मीटरच्या स्वतःच्या तारांचा रेझिस्टन्स वजा करून चारही आकडे एकमेकांशी ताडून बघावेत. डिझेल इंजेक्टरच्या तारांना इंजिन चालू असताना हात लावू नका. त्यांना उघडण्यासाठी ईसीएम बॅटरीच्या कित्येक पट व्होल्टेज तयार करतो.

डबा काढणं-बसवणं अर्ध्या तासाचं काम. अवघड आहे ती त्यातली माहिती. इंजिनाचा प्रोग्रॅम, चावीचा इमोबिलायझर कोड (चावी ओळखली नाही तर इंजिन चालू न देणारा), सतरा अक्षरी चेसिस नंबर, डिझेल असेल तर प्रत्येक इंजेक्टरचा कोड, हे सगळं जुन्या डब्याच्या मेमरीत असतं. भंगारातून आणलेला हुबेहूब दिसणारा डबा लावला की गाडी चालू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते, ती बहुधा चावी न ओळखल्यामुळे. म्हणून लेबलवरचा हार्डवेअर नंबर आणि सॉफ्टवेअर नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, आणि जुन्याची मेमरी वाचून ती नव्यात उतरवून घ्या. ड्रायव्हर जळालेला असला तरी मेमरी बहुधा शाबूत असते. जुन्या गाडीसाठी मी आधी तोच डबा दुरुस्त करायला सांगेन: ड्रायव्हर, कपॅसिटर, फाटलेले जोड बदलता येतात आणि माहिती जागच्या जागी राहते. इमोबिलायझर कायमचा बंद करून देणारे भेटतात, त्यांना नकार द्या. गाडीचं चोरीपासूनचं संरक्षणच त्याने जातं. डिझेल इंजेक्टरच्या माथ्यावरचे कोड कोणत्या सिलिंडरवर कोणता, या क्रमाने आधीच लिहून ठेवा.

काढताना चावी बाहेर, बॅटरीचं निगेटिव्ह वेगळं, मग दहा मिनिटं थांबा. अंगावरची स्थिर वीज जाण्यासाठी बॉडीच्या उघड्या लोखंडाला हात लावा आणि डब्याच्या पिनांना बोट लावू नका. कपलरमध्ये हिरवट गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. पॉलिश पेपरने घासलं तर पिनेवरचा मुलामा जातो आणि गंज महिन्या-दोन महिन्यांत परत येतो. तपासताना जाड सुई खुपसून कपलरच्या पिना फाकवू नका. नाहीतर नंतर खड्ड्यात गाडी आदळली की इंजिन झटका खातं आणि कारण कुणालाच सापडत नाही. प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला स्थिर चार्जर जोडलेला हवा. मध्येच वीज गेली आणि व्होल्टेज पडला तर लिहिणं अर्धवट राहून चांगला डबा निकामी होऊ शकतो, म्हणून भारनियमनाची वेळ टाळा. बसवताना कपलरकडे येणारी वायरिंग खालून वर येईल अशी वळवा. तारेवरून ओघळणारं पाणी मग डब्यात न शिरता खालीच गळतं.

पहिल्यांदा चावी ऑन करून सेल्फ न मारता थांबा. चेक लाइट पेटला पाहिजे आणि स्कॅनर जोडला गेला पाहिजे. कोड पुसा, मग इंजिन चालू करा. एसी बंद ठेवून इंजिन ८० अंशांच्या वर तापेपर्यंत आयडलवर चालू द्या आणि स्कॅनरमध्ये थ्रॉटल (इंजिनाची हवेची झडप) शिकवण्याचा पर्याय असेल तर तो चालवा. सुरुवातीला आयडल थोडं वर-खाली होईल, ते काही किलोमीटरांत स्थिरावतं. त्यानंतर गाडी भर दुपारी, माल भरून, एका घाटात नेऊन पुन्हा स्कॅन करा. तोरणमाळच्या चढावर बंद पडण्यापेक्षा हे बरं. गरम इंजिनावर सेल्फ मारताना आणि आयडलवर अर्थचा व्होल्टेज पुन्हा मोजा आणि तो आकडा गाडीच्या सर्व्हिस बुकात तारखेसह लिहून ठेवा.