तो, ती आणि आपलं लेकरू

भाच्याचं जावळ नवसाचं. तुळजापूरला जाऊन काढायचं, पण दरवेळी काहीतरी आडवं येत गेलं आणि पोरगा चार वर्षांचा झाला तरी पाठीवर वेणी. लातूरच्या त्यांच्या गल्लीतली पोरं म्हणायची, "ही पोरगी हाय!" तो रडत घरी यायचा. चिडवल्याचं दुःख होतंच, पण मला वाटतं त्याला खरोखर शंका आली होती.

त्या वयाला ती शोभतेच. लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये मांडलं, की दोन-तीन वर्षांचं मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणू लागतं. मोठेपणीही आपण तेच राहणार, हे त्याला पुढे उमगतं. पण केस-कपडे बदलले तरी माणूस बदलत नाही, हे पक्कं व्हायला साधारण पाच ते सात वर्षांचं वय उजाडतं. तोवर वेणी घातली की मुलगी आणि फेटा बांधला की मुलगा, असा सरळ हिशोब.

सँड्रा बेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1989 मध्ये या हिशोबाची परीक्षा घेतली. लहानग्यांना एका बाळाचे फोटो दाखवले, आधी उघड्या अंगाचा, मग मुलगा असेल तर मुलीच्या, मुलगी असेल तर मुलाच्या कपड्यांतला. ज्यांना शरीरातला फरक ठाऊक होता, त्यांतली बरीचशी पोरं कपड्यांना फसली नाहीत. आपल्याकडे त्या अवयवांची नावं घ्यायचीही चोरी. मग पोरांच्या हाती खूण म्हणून वेणीच उरते.

त्यात आपली भाषा. मराठवाड्यातलं मूल "मी जायलो" म्हणतं की "मी जायले", यावरूनच कळतं तो की ती. साधं घरी जायचं म्हटलं तरी आधी स्वतःची बाजू सांगावी लागते. बहिणींत वाढलेला मुलगा "मी आले" म्हणाला की घरभर हसू, आणि त्या हसण्यातून तो काय ते शिकतो. संशोधक अलेक्झांडर गियोरा आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये तीन भाषांतल्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. हिब्रूत पावलोपावली लिंग, इंग्रजीत थोडं, फिनिशमध्ये 'तो' आणि 'ती'ला एकच शब्द. स्वतःची ओळख हिब्रू बोलणाऱ्या मुलांना सर्वांत आधी पटली, फिनिश मुलांना सर्वांत उशिरा. मराठी या बाबतीत हिब्रूच्या पंगतीतली. पण आपल्याकडे तिसरं लिंगही आहे, आणि गंमत म्हणजे ते आपण सर्वांत लाडक्या शब्दांना दिलंय: बाळ, पोरगं, लेकरू. लेकरू झोपलं, लेकरू रडलं. तो नाही, ती नाही.

गर्भाचंही काहीसं असंच. पहिले सहा-एक आठवडे त्याच्या जननग्रंथी दोन्ही वाटांना मोकळ्या असतात. मग वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय या जनुकाने इशारा दिला, तर वृषणं घडू लागतात. हे जनुक 1990 मध्ये सापडलं. काही बाळांची शरीरं या दोन वाटांच्या मध्येही थांबतात.

शरीर एका वाटेने गेलं आणि मनातली ओळख दुसरीच, असंही काहींच्या वाट्याला येतं. झाडावर चढणारी मुलगी किंवा भातुकलीत रमणारा मुलगा म्हणजे ते नव्हे. ती आवड झाली. काही थोडी मुलं मात्र वर्षानुवर्षं, कपड्यांच्या पलीकडे जाऊन, "मी ती नाही, तो आहे" असं सांगत राहतात. तो मनाचा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात ही बाब मानसिक विकारांतून काढलेली आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 15 एप्रिल 2014 च्या निकालात तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला.

तरी एसटी स्टँडवर टाळी ऐकून पोराने "ही बाई हाय का माणूस?" विचारलं, की आपण त्याचा हात ओढतो. खरं उत्तर एका वाक्याचं आहे: "काही जण जन्मले तेव्हा लोक त्यांना मुलगा म्हणाले, पण त्यांना स्वतःला तसं वाटत नाही." चार वर्षांच्या पोराला एवढं पुरतं. बहुतेकदा त्याचा पुढचा प्रश्न पेरूचा असतो.

भाच्याचं जावळ शेवटी निघालं. टकलावरून हात फिरवत तो आजीकडे गेला, "आता मी पोरगा झालो का?"

"लेकरू हायस माझं," आजी म्हणाली. "टोपी घाल, ऊन लागंल."